४० लाखांची मर्यादा अर्धीच शिकवू नका

'उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, छोट्या दुकानदाराला एवढं शिकवलं तरी पुरे' हे पटत नाही. ती सूट राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यालाच आहे (सेवेसाठी २० लाख). नागपूरच्या इतवारी बाजारातून मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याला किंवा सिवनीला स्टीलच्या भांड्यांचं एक पोतं पाठवलं तरी ती आंतरराज्य विक्री, आणि मग उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी सक्तीची. कंपोझिशनवाल्याला (उलाढालीवर ठरावीक कमी दरानं कर भरण्याची योजना घेतलेल्या छोट्या व्यापाऱ्याला) तर असा परराज्यात माल विकताच येत नाही.

शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर जो पत्ता असेल तेच पुरवठ्याचं ठिकाण, म्हणजे माल ज्या राज्यात विकला ते ठिकाण, धरतात. गल्ल्यावर रोखीनं विकलेल्या मालाच्या बिलावरही 'म. प्र.' लिहिलं असेल तर हाच नियम, म्हणजे तीही आंतरराज्य विक्रीच. म्हणून वर्गात आधी बिलबुकातला पत्त्याचा रकाना तपासायला लावा, किर्द-खतावणी नंतर.