पट्टा पडला, आणि उद्यमबागचा बुश टिकला

विषय: यंदाची शेवटची राइड
अण्णा, टिळकवाडी, बेळगाव

मंडळी नमस्कार,

बेळगावला परत येऊन चार दिवस झाले, झोप अजून ताळ्यावर आली नाही, पहाटे तीनला टक्क जाग येतीय, तर म्हटलं बसून सगळं लिहूनच काढावं, कारण निघताना मी आपल्या मेलिंग लिस्टवर नुसतं "जाऊन येतो" एवढंच टाकलं होतं आणि नंतर बऱ्याच जणांनी विचारलं की काय झालं, तात्याची मशीन, म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबाईल, चालली की नाही.

नवीन लोकांसाठी थोडं मागचं. आम्ही चौघं. मी, तात्या, निपाणीचा बापू आणि संकेश्वरचे मामा, चौघंही बेळगावच्या जीआयटी इंजिनिअरिंग कॉलेजचे, नंतर पुढेमागे अमेरिकेत होटन गावच्या मिशिगन टेक विद्यापीठात एमएस केलं. मी आईसाठी बेळगावला परत आलो, बापू आणि मामा मिनियापोलिसला, तात्या मात्र होटन सोडून कुठं हललाच नाही. मिशिगनमध्ये स्नोमोबाईलचे सरकारी ट्रेल १ डिसेंबर ते ३१ मार्च एवढेच उघडे, आणि मार्चच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चौघांनी एक राइड मारायचीच हा आमचा जुना नेम आहे. आपल्याकडे कारखान्याचं गाळप संपलं की पट्टा पडला म्हणतात ना, तसंच आम्ही पण त्या दिवशी म्हणतो, पट्टा पडला. आणि मशीनलाही खाली पट्टाच असतो, रबरी.

गेल्या वर्षी याच राइडला लॅक ला बेलच्या अलीकडे तात्याच्या मशीनच्या मागच्या सस्पेन्शनमधून कर्रकर्र आवाज यायला लागला. १९९७ ची मशीन आहे ती, त्यानं सेकंडहँड घेतलेली, पहिल्या नोकरीच्या पैशातनं. उघडून बघितलं तर आर्मच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्याच्या, शाफ्टवरचा बुश (शाफ्टभोवती बसणारी धातूची नळी) एका बाजूनं पार कागदासारखा झालेला. चौघं मिळून हळूहळू, कुठं पंधरा मैलाच्या वर वेग न घेता, परत आलो, सहा तास लागले. पुढं एवढ्या जुन्या मशीनचा तो पार्ट कुठं मिळेना, दुकानदारानं सरळ सांगितलं की भंगारात घाला. तात्या काही बोलला नाही, नुसता त्या मशीनच्या सीटवर हात फिरवत उभा राहिला. मी तो झिजलेला बुश पुसून कागदात गुंडाळला आणि बॅगेत टाकला.

इथं बेळगावात उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, जांबोटीकडचे, चाळीस वर्षं लेथवर उभे. त्यांच्या टेबलावर बुश ठेवला. त्यांनी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावला, परत लावला, कपाळाला आठ्या. "हे इंचात हाय काय ओ?" म्हटलं होय, शाफ्ट पाऊण इंचाच्या वर, ७/८, म्हणजे २२.२२ मिलिमीटर. मग पुढचा प्रश्न, की हे चालायचं कशात. बर्फात म्हटल्यावर त्यांनी लेथ बंद केला आणि स्टूल ओढलं. उणे वीसला बोअर, म्हणजे बुशचं आतलं भोक, आवळणार की, म्हणाले. आता हिशेब केला तर बुशचं गनमेटल आणि शाफ्टचं स्टील यांच्या आवळण्यातला फरक एवढ्या मापाला शतांश मिलिमीटरसुद्धा होत नाही, पण त्या माणसानं बर्फ न बघता तो प्रश्न विचारला हे मला फार मोठं वाटलं, कारण बेळगावात बसून बर्फाचा विचार कोण करतंय? त्यांनी पाच शतांश मोकळीक ठेवली, आतून ग्रीसला तिरकी खाच पाडली, कडा हातानं मोडल्या आणि दोन नग करून दिले. दुसरा कशाला म्हटलं तर म्हणाले, एक पडला हरवला तर तिथं बर्फात काय शोधणार.

पाडवा घरी करून निघालो. कुंद्याच्या डब्याशेजारी दोन बुश. शिकागोहून गाडीनं होटन ७ तास, त्याच रात्री तात्याच्या गॅरेजमध्ये हीटर लावून बुश बसवला, हलक्या हातानं लाकडी ठोकळा ठेवून ठोकला आणि शाफ्ट आत घातला तर कुठं अडकला नाही, कुठं हललाही नाही.

शनिवारी सकाळी सातला निघालो, उणे आठ. होटनचा लिफ्ट ब्रिज ज्यांनी बघितला नाही त्यांनी एकदा हिवाळ्यात बघाच, १९५९ चा पूल, हिवाळ्यात तो पूर्ण खाली उतरवून ठेवतात, मोटारी वरून आणि स्नोमोबाईल खालच्या डेकवरून, जिथून पूर्वी रेल्वे जायची. त्या लोखंडाच्या पोटातून चार मशीन एकामागं एक जाताना जो आवाज घुमतोय तो मला बेळगावात पण ऐकू येतो.

शेवटच्या आठवड्याचं गणित वेगळं असतं. दिवसा वितळलेलं रात्री गोठतं, सकाळी ट्रेल सिमेंटसारखा. लोकांना वाटतं कडक म्हणजे चांगलं, पण मशीनला सुटा भुसभुशीत बर्फ हवा असतो, पट्टा तो उडवून खालच्या कूलरवर टाकतो म्हणून इंजिन थंड राहतं, आणि पट्ट्याखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना पण त्याचंच वंगण, नाहीतर त्या वितळायला लागतात. म्हणून स्क्रॅचर खाली सोडायचे, म्हणजे बर्फावर ओरखडे काढत थोडा भुगा उडवणाऱ्या तारा. तरी कॅल्युमेटपर्यंत मामांच्या मशीनचा तापमानाचा काटा दोनदा वर गेला, दोन्ही वेळा कडेच्या मऊ बर्फात घालून थांबलो. अकरानंतर उलटं, बर्फ भिजवलेल्या पोह्यासारखा, वळणावर स्की ऐकत नाही.

मोहॉकच्या पुढं हायवेला तो उंच स्नो थर्मामीटर आहे, १९७८-७९ ला ३९०.४ इंच पडला होता त्याची खूण वर, म्हणजे साडेबत्तीस फूट. दरवर्षी तिथं फोटो. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मात्र पाऊलभर बर्फ टिकेना, कॉपरडॉगसारख्या कुत्र्यांच्या शर्यतीसुद्धा रद्द झाल्या, तरी त्या शनिवारी आम्ही गाडीनं इथवर येऊन त्या खांबाखाली चहा पिऊनच परत गेलो.

आमच्या राइडचं टोक म्हणजे कॉपर हार्बर, होटनहून रस्त्यानं ४७ मैल, ट्रेलनं जरा जास्त. तिथं एक्झॉस्टवर बसवलेल्या डब्यातून फॉइलमधली थालीपीठं काढली, वहिनींनी दिलेली, कडा करपलेल्या आणि आत गरम, वर शेंगाचटणी. खायच्या आधीच तात्या पाणी झालेल्या बर्फात गुडघे टेकून बसला, हातमोजा काढला, मागचा आर्म धरून जोर लावून वरखाली, डावीउजवी हलवला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "हलत नाही गा." आणि तसाच बसून राहिला थोडा वेळ, हात त्याच्यावर ठेवून.

संध्याकाळी साडेसहाला घरी. चौघंही सुखरूप, मशीनही. मिस्त्रींना दाखवायला राइडचा व्हिडिओ काढलाय.

अण्णा

---

प्रति-उत्तर: यंदाची शेवटची राइड
तात्या, होटन

मंडळी, अण्णानं सगळं लिहिलं पण एक सोडलं. मागच्या वर्षी परत येताना सहा तास हा माझ्या मागं राहिला, मी दहादा सांगितलं तू पुढं जा, अंधार पडायलाय, तर एकदाही ओव्हरटेक केलं नाही, त्याचा हेडलाइट सतत माझ्या आरशात होता. हे लिस्टवर यायला पाहिजे.

काल मशीन उन्हाळ्यासाठी झाकली. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, इंजिनात फॉगिंग ऑइल मारलं, ड्राइव्ह बेल्ट काढून वेगळा ठेवला, मागची बाजू स्टँडवर उचलून पट्टा जमिनीपासून सोडवला. नवीन बुशच्या निपलमध्ये ग्रीस मारलं तर कडेनं जुनं ग्रीस बाहेर आलं ते स्वच्छ, काळं नाही, बोटावर चोळून बघितलं, कण लागत नाही. शंभर मैल होऊन हे. मिस्त्रींना माझा नमस्कार सांग, आणि तो दुसरा नग मी हरवणार नाही, माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या खणात आहे.

आणि ज्यांनी सुचवलंय की राइड फेब्रुवारीत घ्या म्हणजे बर्फाची खात्री, त्यांना एवढंच, की फेब्रुवारीत पण जरूर या, मीच घेऊन जातो, रात्री ग्रूमर (ट्रेल सपाट करणारं यंत्र) फिरलेले गालिच्यासारखे ट्रेल असतात. पण मार्चचा शेवटचा शनिवार हलवायचा नाही. त्या दिवशी ट्रेलवर गर्दी नसते, घाई नसते, आणि कोणाची मशीन अडली तर थांबायला सगळ्यांकडं वेळ असतो.

तात्या

---

प्रति-उत्तर: यंदाची शेवटची राइड
खानापूरची लेक, डेट्रॉइट

अण्णाकाका, तात्याकाका, नमस्कार. मी इथं नवीनच आहे, मेल ऑफिसमध्ये लंचला वाचला आणि जांबोटी हा शब्द आला तिथं थांबलेच, माझं माहेर तिकडचंच. पुढच्या सीझनला आम्हा दोघांना यायचं आहे पण दोघांनीही आजवर स्कूटरशिवाय काही चालवलेलं नाही, आणि आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली तळ्यावरच्या बर्फावरून जाऊ नकोस, तिला कुठून कळलं काय माहीत. सुरुवात कशी करायची? स्वतःची मशीन लागते का? आणि मिस्त्रीकाका व्हिडिओ बघून काय म्हणाले ते तर तुम्ही लिहिलंच नाही!

---

प्रति-उत्तर: यंदाची शेवटची राइड
अण्णा, टिळकवाडी

बाळ, आई बरोबर बोलली. मार्चमध्ये तळ्यावर जायचंच नाही, वरून पांढरं दिसतंय म्हणून खाली जाड असेल असं नसतं, ट्रेल कडेनं जात असेल तर लांब पडला तरी कडेनंच.

मशीन विकत घेऊ नका, पहिली दोन वर्षं भाड्यानं घ्या, ट्रेलचा परमिट स्टिकर लागतो तो भाड्याच्या मशीनला आहे का विचारून घ्या, हेल्मेट कायद्यानंच सक्तीचं आहे. स्कूटरवाल्यांची एक सवय मोडावी लागते, इथं थ्रॉटल मुठीत फिरवायचा नसतो, उजव्या अंगठ्यानं दाबायचा, ब्रेक डाव्या हाताला, आणि घाबरलं की माणूस मूठ आवळतो तेव्हा अंगठाही दाबला जातो, तेवढं पहिल्या तासात मोकळ्या मैदानावर शिकून घ्या. किल स्विचची दोरी जॅकेटला अडकवलेली पाहिजे, पडलात तर मशीन आपोआप बंद. उजवीकडून चालवायचं. समोरून कोणी आलं की आपल्या मागं किती मशीन आहेत ते बोटांनी दाखवायचं, सगळ्यात शेवटच्यानं मूठ दाखवायची. आणि प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागचा दिसला की मगच पुढं. तात्यानं आरशातल्या हेडलाइटचं लिहिलंय ते हेच.

आता मिस्त्रींचं. काल संध्याकाळी गेलो होतो. व्हिडिओ तीनदा बघितला, प्रत्येक वेळी चेहरा सोडून फक्त मागच्या सस्पेन्शनकडं बोट. मग विचारलं, ही गाडी काढली कोणी? मी सांगितलं, कॅनडात क्यूबेकमध्ये व्हॅलकोर्ट नावाचं गाव, तिथला जोसेफ-आर्मां बाँबार्डिए, गॅरेजवाला मेकॅनिक. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटात अपेंडिक्स फुटून आजारी पडला, रस्ते बर्फानं बंद, याची बर्फावर चालणारी गाडी अर्धवट गॅरेजमध्ये उभी, दवाखान्यात नेता आलं नाही आणि पोरगं गेलं. त्यानंतर त्यानं पट्टा आणि दातेरी चाक यांचं गणित पक्कं बसवलं, आधी सात माणसांची बंद गाडी केली, डॉक्टरांना, टपालाला, शाळेच्या मुलांना उपयोगी पडणारी, आणि १९५९ ला दोघांची छोटी स्की-डू.

मिस्त्री बराच वेळ गप्प. मग म्हणाले, आमच्याकडं अजून पावसात जंगलातल्या गावातनं माणूस खांद्यावरनंच आणतात, बांबूला कांबळं बांधून, नाले ओलांडत, डांबरी रस्त्यापर्यंत. त्यांच्या चुलतीला असंच आणलं होतं, हे पुढच्या खांद्याला होते. तुला हे वेगळं सांगायला नको, तू तिकडचीच. मग उठले, ड्रॉवरमधून मीच दिलेला तो जुना झिजलेला बुश काढला, आणि म्हणाले हा माझ्याकडंच राहू दे, चालतंय न्हवं?

मी पैसे काढले ते परत खिशात घातले त्यांनी. त्याऐवजी म्हणाले, बापूंच्या आणि मामांच्या मशीन पण त्याच वयाच्या असतील की, त्यांचे बुश झिजायच्या आधी मापं पाठवायला सांगा, सवडीनं करून ठेवतो.

तर बापू, मामा, व्हर्नियर काढा आणि मला मापं पाठवा, शाफ्टचं आणि बाहेरचं दोन्ही, इंचात असलं तर इंचातच लिहा. आणि लिस्टवरचं कोणी मे-जूनमध्ये सुट्टीला बेळगाव, खानापूर, निपाणीकडं येणार असेल तर कळवा, परत जाताना न्यायला पाव किलोच्या आतलं पार्सल आहे, सांब्रा विमानतळावर मी स्वतः आणून देईन.

अण्णा