मदत हवी आहे : तिसऱ्या फेरीसाठी मोसंबीची बाग आताच उक्ती द्यावी का?

गॅरेजवाला_जालना

नमस्कार. ऑगस्टअखेर चेन्नईला मोटरसायकल शर्यतींची तिसरी फेरी आहे आणि नावनोंदणीची मुदत येत्या गुरुवारी संपते. प्रवेश शुल्कापुरते पैसे माझ्याकडे आहेत, परंतु टायरचा नवा जोड, गाडीची वाहतूक, दोन माणसांचा चार दिवसांचा मुक्काम आणि इंजिनचे काम यांसाठी अजून ८० हजार रुपये कमी पडतात. वडील म्हणतात की आंबे बहार, म्हणजे झाडांवरची यंदाची मोसंबी, आताच उक्ता (वजन न करता ठरावीक रकमेला) देऊन टाकू, कारण व्यापारी रोख उचल द्यायला तयार आहे. ही फेरी सोडली तर वर्षभराच्या कष्टाला अर्थ उरणार नाही. चार दिवसांत एवढी रक्कम कशी उभी करावी, किंवा प्रायोजकाकडे कसे जावे, हे ज्यांनी स्वतःच्या खिशातून शर्यती केल्या आहेत त्यांनी कृपया लवकर सांगावे. शर्यत सोडून द्या, असा सल्ला घरी आणि बाहेर पुष्कळ मिळाला आहे.

जुना_रॅलीपटू

भाऊ, आपण कोणत्या शर्यतीबद्दल बोलत आहात हेच लिहिलेले नाही. ट्रॅकवरची की मातीतली? गाडी कंपनीची की स्वतःची? वर्ग कोणता? कंपनीच्या वन-मेक (सगळ्यांना एकाच मॉडेलची गाडी) स्पर्धेत गाडी आयोजकच देतात, त्यामुळे तिथला खर्च आणि स्वतःची गाडी नेणाऱ्याचा खर्च यांची तुलना होऊच शकत नाही. माझे मत विचाराल तर ट्रॅकच्या नादी न लागता आपण रॅलीकडे वळावे. सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ मध्ये बाहा (मोकळ्या रानातल्या शर्यतींच्या) विश्वचषकात महिलांचे विजेतेपद मिळवले. डकारमध्ये तर मेकॅनिकशिवाय उतरणाऱ्या स्वारांसाठी वेगळा गटच आहे. दिवसभर वाळवंटात गाडी चालवायची आणि रात्री तळावर आपल्या पेटीतली हत्यारे काढून ती स्वतःच दुरुस्त करायची, असा तो प्रकार आहे. गॅरेज चालवणाऱ्या माणसासाठी याहून योग्य काय असेल?

गॅरेजवाला_जालना

क्षमस्व, घाईत राहून गेले. प्रो-स्टॉक (मर्यादित बदल केलेल्या गाड्यांचा) १६५ सीसी वर्ग, स्वतःची यामाहा आर-१५, एफएमएससीआय या मोटर खेळांच्या महासंघाचा परवाना, ट्रॅकवरचे दुसरे वर्ष. गेल्या वर्षी नोव्हिसमध्ये, म्हणजे नवशिक्यांच्या वर्गात, होतो. आता शर्यत सुरू होते त्या रांगेत माझ्याबरोबर कंपन्यांच्या संघांचे स्वारही असतात, ज्यांची गाडी ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत (पिटमध्ये) चार जण सांभाळतात. माझ्याबरोबर फक्त मावसभाऊ असतो. डकारचे आपले म्हणणे खरे असले तरी ज्याला ८० हजार जमवता येत नाहीत त्याला तो मार्ग सुचवून उपयोग नाही, काका.

सहलखोर

माझा सल्ला असा आहे की तुम्ही आधी लडाखची सहल करावी. जूनमध्ये आम्ही सहा जण छत्रपती संभाजीनगरहून निघालो होतो आणि रोजचे चित्रीकरण टाकत गेलो. परत आलो तेव्हा एका हेल्मेट विक्रेत्याने आपणहून आम्हाला दोन हेल्मेट दिली. मागे लावायच्या बॅगा कोणत्या घ्याव्यात, याची यादी हवी असल्यास मी सविस्तर देऊ शकेन.

लेखाजोखा

प्रायोजकाच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण जालन्यात सळईचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या असल्यामुळे कोणीतरी आपल्याला ‘सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून) घ्या’ असे नक्की सांगेल. त्या वाटेला जाऊ नये. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे हे खरे, परंतु आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, आणि तुमच्या गाडीच्या टाकीवर नाव लावणे म्हणजे जाहिरातच झाली. कारखानदाराकडे जाल तेव्हा स्वच्छ सांगावे की हा आपल्या धंद्याचा जाहिरात खर्च आहे, त्याचे मी रीतसर बिल देतो, आणि बदल्यात नाव कुठे, किती मोठे आणि किती फेऱ्यांत दिसेल ते कागदावर लिहून देतो. ‘मदत करा’ म्हणून गेलात तर पाचशे रुपये आणि चहा मिळेल. मात्र गुरुवारपर्यंत हे होणार नाही. कोणताही मालक चार दिवसांत जाहिरातीचा निर्णय घेत नाही.

मोसंबीबाग_बदनापूर

मला शर्यतीतले काही कळत नाही, पण बागेतले कळते, आणि बागेबद्दल आपण एका ओळीपलीकडे काहीच सांगितलेले नाही. झाडे किती, व्यापाऱ्याने उक्ता भाव काय सांगितला, गेल्या वर्षी वजनावर किती झाले होते? आणि उद्या फळगळ झाली तर नुकसान कोणाचे, हे कागदावर आहे की तोंडी?

गॅरेजवाला_जालना

झाडे साडेतीनशे. व्यापारी चार लाख म्हणतो, त्यातले एक लाख आज उचल. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास वजनावर दिली तेव्हा सव्वापाच लाख झाले होते. कागद काही नाही, तो वडिलांच्या ओळखीचा आहे.

मोसंबीबाग_बदनापूर

म्हणजे ८० हजारांसाठी घरातून सव्वा लाख चालले आहेत. फळात अजून रस भरायचा आहे, आणि ऑगस्टमध्ये दोन दिवस ढग आले की झाडाखाली फळांचा सडा पडतो. व्यापारी हीच भीती दाखवून उक्ता भाव पाडतो. वडील हे सगळे जाणत असणार. तरीही ते तयार झाले असतील तर ते मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून तयार झाले आहेत. माझ्या मुलाने शंकरपटाची जोडी घेतली त्या वर्षी मीही असाच एक बहार मातीमोल दिला होता, म्हणून हे लिहावेसे वाटले. बैलांवरचा तो खर्च मला आजही जड वाटत नाही, पण बहार मात्र महिनाभर थांबून द्यायला हवा होता.

लातूरची_आई

माझा मुलगा तीन वर्षे याच ट्रॅकवर गाडी चालवत होता, म्हणून मला एक गोष्ट खटकली. आपण तिसऱ्या फेरीबद्दल लिहिता, गेल्या वर्षाबद्दल लिहिता, परंतु यंदाच्या दुसऱ्या फेरीत काय झाले याबद्दल एक अक्षरही नाही. इंजिनचे काम मध्येच का निघाले? दुसऱ्या फेरीत आपण कितवे आलात?

गॅरेजवाला_जालना

दुसऱ्या फेरीची पहिली शर्यत पूर्ण झाली नाही. सरळपट्ट्याच्या शेवटी सी-१ हे उजवे वेगवान वळण आहे. तिथे पुढचे चाक निसटले आणि मी उजव्या खांद्यावर पडलो. गळ्याजवळच्या हाडाला प्लेट बसवली आहे, पाच आठवडे झाले. प्रश्न पैशांचा असल्यामुळे ते लिहिण्याची गरज वाटली नाही. हात वर जातो, गॅरेजमध्ये कामही करतो. रुग्णालयाचे बिल मीच भरले, कारण विमा कंपनीने पॉलिसीतले कलम दाखवले की मोटर रेसिंगसारख्या साहसी खेळात व्यावसायिक म्हणून उतरणाऱ्याच्या उपचारांचा खर्च मिळत नाही. वर्षाचे पैसे तिथेच संपले.

जुना_रॅलीपटू

यात खचण्यासारखे काही नाही. २०१३ साली नेदरलँड्समध्ये ॲसेनला मोटोजीपीचा (मोटरसायकलच्या जागतिक स्पर्धेचा) स्वार जॉर्ज लोरेंझो गुरुवारी पडला, त्याच रात्री विमानाने बार्सिलोनाला जाऊन त्याने गळ्याजवळच्या हाडाला प्लेट बसवून घेतली आणि शनिवारच्या शर्यतीत तो पाचवा आला. आपल्याला तर पाच आठवडे मिळाले आहेत.

वाळूजचा_फिटर

काका, ती गोष्ट अर्धीच सांगू नका. त्यानंतर दोन आठवड्यांनी जर्मनीत, साक्सनरिंगला, तोच लोरेंझो सरावात पुन्हा पडला, प्लेट वाकली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच स्पर्धेतल्या मार्क मार्केझने २०२० मध्ये स्पेनमध्ये हेरेथला दंडाचे हाड मोडल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा गाडीवर बसण्याचा प्रयत्न केला, पुढे प्लेट तुटली, सबंध मोसम गेला आणि त्या एका हाडावर चार शस्त्रक्रिया झाल्या. या दोघांच्या मागे कंपनीचा संघ, डॉक्टर आणि विमान होते. या गॅरेजवाल्याच्या मागे साडेतीनशे झाडे आहेत.

जुना_रॅलीपटू

मी कोणाला जखमी अवस्थेत गाडीवर बसा असे सांगितलेले नाही. जिद्द हीही एक पुंजी असते, एवढेच माझे म्हणणे होते.

लातूरची_आई

जिद्द आम्ही घरात पाहिलेली आहे, तिच्याबद्दल शंका नाही. मला हाडाबद्दल विचारायचे आहे. बाळा, शेवटचा एक्स-रे कधी काढला आणि डॉक्टरांनी काय सांगितले? हात वर जाणे वेगळे आणि सरळपट्ट्याच्या शेवटी अंगाचा सगळा भार मनगटांवर येत असताना उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबणे वेगळे. माझ्या मुलाचे हाड जुळायला तीन महिने लागले होते. तुमचे लवकर जुळले असेल, परंतु ते फोटोत दिसले पाहिजे. आणि स्पर्धेच्या डॉक्टरांपासून ही प्लेट कृपया लपवू नका. तुम्ही पडलात तर मागून येणारा मुलगाही कोणाचा तरी असतो.

गॅरेजवाला_जालना

एक्स-रे टाके काढले तेव्हाचा आहे. त्यानंतर गेलो नाही, कारण ते काय सांगतील याची भीती होती.

खरे सांगतो, मी हे का करतो ते घरी कोणाला नीट सांगता आलेले नाही. दिवसभर लोकांच्या गाड्यांचे क्लच बदलतो आणि रात्री शटर ओढून स्वतःची गाडी उघडतो. गेल्या वर्षी तीच गाडी दोन मिनिटांच्या आत ट्रॅकला एक चक्कर मारून आली, आणि पॅडॉकमध्ये (संघांच्या आवारात) कंपनीच्या संघातला एक वयस्क मेकॅनिक माझ्या गाडीजवळ उकिडवा बसला. मी साखळीचा ताण कसा ठेवला आहे ते त्याने बोटाने दाबून पाहिले आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. मावसभावाला वाटले की तो चूक काढतो आहे. त्याने आपल्या संघाच्या मुलाला बोलावून तेच दाखवले, तेव्हा आम्हाला कळले. करंडक मिळाला असता तरी मला एवढा आनंद झाला नसता.

वाळूजचा_फिटर

हे आधी लिहायला हवे होते, कारण प्रायोजकाला दाखवायची गोष्ट हीच आहे. मी वाळूजला सुट्या भागांच्या एका लहान कारखान्यात आहे. आमच्या मालकांना शर्यतीचा शौक नाही, परंतु चांगल्या कामाची ओढ आहे. त्यांच्याकडे पैसे मागू नका, काम मागा. रिअरसेट (पाय ठेवायचे दांडे), लिव्हर, हँडलच्या क्लिप हे पडल्यावर हमखास मोडणारे भाग आम्ही सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) काढून देऊ शकतो, मापे तुम्ही द्यायची. तुमच्या इंजिनच्या कामातला अर्धा भाग मजुरीचा असेल तर तोही इथे होईल. माझ्या पुतण्याकडे टायरचा एक जोड आहे, एकच सराव झालेला. तो यंदा गाडी चालवत नाही.

पण आधी तीन गोष्टी सांगा. तिसऱ्या फेरीनंतर किती फेऱ्या उरतात? पहिल्या फेरीत गुण किती मिळाले? आणि टायरचे माप काय?

गॅरेजवाला_जालना

तिसरीनंतर एकच फेरी आहे, ऑक्टोबरमध्ये. पहिल्या फेरीत दोन शर्यती मिळून नऊ गुण.

वाळूजचा_फिटर

मग नऊ गुणांसाठी बहार आणि खांदा दोन्ही पणाला लावण्यासारखे यात काय आहे? ऑक्टोबरपर्यंत बाग वजनावर जाईल, हाड जुळेल आणि गाडी तयार होईल.

जुना_रॅलीपटू

याबाबत मी फिटरसाहेबांशी सहमत आहे. तरीही मोसम संपल्यावर नाशिककडच्या मातीतल्या शर्यती एकदा पाहून यावे, असे मी पुन्हा सुचवतो.

गॅरेजवाला_जालना

सकाळी डॉक्टरांना फोन केला. बुधवारी एक्स-रे आहे. नावनोंदणी गुरुवारी संपते, म्हणजे फोटो पाहूनच ठरवता येईल. व्यापाऱ्याला तूर्त थांबायला सांगा, असे वडिलांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, टॉर्च घेऊन बागेत गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. लेखाजोखा यांनी सांगितल्याप्रमाणे बिलाचा आणि नाव लावण्याच्या कागदाचा नमुना कोणाकडे असल्यास द्यावा.

टायरचे माप पुढे १००/८०-१७ आणि मागे १४०/७०-१७.

वाळूजचा_फिटर

माप जुळते. रविवारी कारखाना बंद असतो, तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत या. जुने रिअरसेट, मोडलेले असले तरी, बरोबर आणा, आणि बुधवारचा फोटोही आणा.