अप्पा, शक्तिमान आणि सात चक्रं

बाळूदादा: सगळ्यांना नमस्कार. सुट्टी लागल्यापासून मी आणि चिनू रोज रात्री जेवणं उरकली की 'शक्तिमान' बघतोय, आपल्या लहानपणची दूरदर्शनवरची उडणाऱ्या नायकाची मालिका, पहिल्या भागापासून. काल अकरावा झाला. पहिल्या दिवशी चिनू पोट धरून हसला. "बाबा, उडताना त्याच्या अंगाभोवती रेघ थरथरते बघा." खरंच थरथरते. पण मला आत कुठेतरी लागलं. ज्याला जे आठवतंय ते इथे लिहा. मला त्याला वाचून दाखवायचंय.

ताई: अरे देवा! रविवार दुपारी १२! तू गच्चीत अँटेना धरून, मी जिन्यात आणि आई टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही, मुंग्याच आहेत." "आता?" "आलं आलं, हलवू नकोस!"

आई: आणि नेमकी लाइट जायची.

ताई: मग बाळू रडायचा.

बाळूदादा: रडायचो. पुढचा भाग आठवड्यानं. मधल्या सात दिवसांत काय झालं असेल, ते आम्ही शाळेत एकमेकांना रचून सांगायचो.

चिनू, ती रेघ का दिसते ते सांगतो. माणसाला एका रंगाच्या पडद्यासमोर उभं करून शूटिंग करायचं, नंतर तो रंग काढून टाकायचा आणि मागे आकाश चिकटवायचं. कडा नीट कापली गेली नाही की ती रेघ राहते. आज आपण मोठ्या स्क्रीनवर, स्वच्छ चित्रात बघतो म्हणून ती डोळ्यांत भरते. आपला टीव्ही तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट, १४ इंची. त्या मुंग्यांत कडा कुठली दिसणार? त्याचा ड्रेस मरून रंगाचा आहे आणि छातीवरचं चक्र सोनेरी, हे मला वर्गातल्या एका पोराच्या वहीच्या कव्हरवरून कळलं. तोवर माझ्यासाठी तो राखाडीच होता.

वहिनी: मला शक्तिमानपेक्षा त्यातली गीता विश्वास आवडायची. पेपरात काम करणारी बाई, हातात पेन, कोणालाही थेट प्रश्न विचारणारी. आमच्या गल्लीत तेव्हा नोकरी करणाऱ्या बायका म्हणजे शिक्षिका नाहीतर नर्स. 'आज की आवाज' हे पेपरचं नाव मी वहीत लिहून ठेवलं होतं. तिला सारखं पळवून न्यायचे त्याचा मात्र मला संताप यायचा आणि आता बघतानाही आला. इतकी हुशार बाई, तिला दर वेळी बांधून का ठेवायचं?

ताई: सुरुवातीला ती किटू गिडवानी होती ना?

वहिनी: हो, नंतर वैष्णवी महंत आली. माझ्या डोळ्यांसमोर वैष्णवीच येते.

मामा: मला तो खलनायक डॉक्टर जॅकाल आवडायचा. "पॉवरऽऽ!" ललित परिमू करायचा ते काम. आमच्या हॉस्टेलवर मेसमध्ये कोणी दुसऱ्यांदा भाजी मागितली की सगळे ओरडायचे, पॉवरऽऽ!

आई: शक्तिमान झालेले मुकेश खन्ना म्हणजे आपल्या 'महाभारता'तले भीष्म. आणि त्याचा शत्रू, तो काळा तमराज किल्विष झालेले सुरेंद्र पाल म्हणजे द्रोणाचार्य. मी पहिल्याच दिवशी आवाजावरून ओळखलं होतं. भीष्म आणि द्रोण समोरासमोर उभे राहिले की मला फार विचित्र वाटायचं.

चिनू (वहिनीच्या फोनवरून): आजी, खरंच??? मला माहीतच नव्हतं!

ताई: आई, तू गच्चीच्या दाराला कुलूप लावायचीस तेही सांग.

आई: लावायचेच. टॉवेल खांद्याला बांधून दोन्ही पोरं शक्तिमानसारखी गरागरा फिरत होती. कुठली मुलं उडायला गेली, पडली, असं पेपरात यायचं. कार्यक्रमातच तो स्वतः येऊन सांगायचा की असं करू नका, पण पोरांचा काय भरवसा. कुलूप लावलं ते बरंच केलं.

बाळूदादा: आई, बरोबरच केलंस. मी माळ्यावरून उडी मारायच्या बेतात होतो, हे आज पहिल्यांदा सांगतोय.

पण मला मुख्य सांगायचं आहे ते गंगाधरचं, म्हणजे शक्तिमान एरवी ज्या साध्या माणसाच्या रूपात वावरतो त्याचं. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. पुढे आलेले दात, जाड चष्मा, चापून बसवलेले केस, ऑफिसात सगळे त्याला हसतात. आणि सगळ्यांत बलवान तोच. मी वर्गात तोतरा बोलायचो, सगळ्यांना आठवत असेल. मला उडणाऱ्या शक्तिमानचं कौतुक होतंच, पण मी वाट बघायचो ती गंगाधरची. लोक हसताहेत आणि तो रागावत नाही, कारण आपण कोण आहोत ते त्याला माहीत आहे. हे मला दहाव्या वर्षी कोणी समजावून सांगितलं असतं तर कळलं नसतं. रविवारी दुपारी बघून कळलं.

काल चिनू गंगाधरला हसला नाही. एकदाही नाही.

ताई: बाळू. ❤️

मामा: शेवटी ते 'छोटी छोटी मगर मोटी बातें' यायचं. पाणी वाया घालवू नका, खोटं बोलू नका. मग मुलं "सॉरी शक्तिमान" म्हणायची. आजच्या मुलांना असं समोरासमोर कोण सांगतं? मला तरी तो भाग आवडायचा.

आई: अप्पा बाजूला बसून सगळं वाचून घेताहेत. त्यांना बोलायचंय, मी टाइप करते.

अप्पा (आईच्या फोनवरून): बाळू, मला ती मालिका का आवडायची ते तुम्ही कोणी लिहिलं नाही. १९९७ साली गणपतीनंतर कधीतरी तू मला विचारलंस, "अप्पा, कुंडलिनी म्हणजे काय?" शक्तिमानला गुरूंनी शक्ती दिली ती सात चक्रं जागी करून, पंचमहाभूतांतून. मी रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचायचो, तुम्ही कोणी जवळ फिरकत नव्हतात. त्या दिवशी तू आपणहून विचारलंस. मी सहावा अध्याय काढला. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजलंय, असं माउलींनी कुंडलिनीचं वर्णन केलंय, ते वाचून दाखवलं. तू म्हणालास, "म्हणजे तो एवढा गरागरा फिरतो ते यामुळे?" मी हो म्हटलं.

आणि किल्विष हे नाव उगाच ठेवलेलं नाही. मूळ शब्द किल्बिष, म्हणजे पाप. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तमराज म्हणजे अंधाराचा राजा. म्हणून तो सारखा "अंधेरा कायम रहे" म्हणतो. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला संस्कृत येत असणार. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं परत लावली तेव्हा मी आणि तुझी आई दोघंच बघायचो. बाजूला तू नव्हतास, एवढंच कमी होतं.

बाळूदादा: अप्पा, ते नागिणीचं पिल्लू मला अजून आठवतं. तुमचं बोट ओळीवरून सरकत होतं, नखाला शाई लागलेली होती. ते ज्ञानेश्वरीतलं आहे हे मात्र मी विसरलो होतो. मला वाटायचं, मी ते 'शक्तिमान'मध्येच ऐकलंय.

वहिनी: अप्पा, या रविवारी आम्ही तिकडेच येतो. बारा वाजता बारावा भाग तुमच्याकडे.

आई: या. वरणभात आणि बटाट्याची भाजी करते. तेव्हाही तेच असायचं.

चिनू (वहिनीच्या फोनवरून): आजोबा, मला चक्रं पाठ झाली. मूलाधार, मणिपूर, अनाहत, विशुद्ध, आज्ञा, सहस्रार.

अप्पा (आईच्या फोनवरून): सहाच झाली. स्वाधिष्ठान राहिलं. परत म्हण.