वणवा विझवणाऱ्याला मजुरी मिळते, न लावणाऱ्याला काय?

किंजळ (धागा सुरू करताना)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा, गवाळी, नागरगाळी या बाजूला आणि हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात दरवर्षी तेच चालतं. फेब्रुवारीत शाळेच्या पोरांची फेरी निघते, नाक्यावर कन्नड फलक लागतो, चारदोन फायर वॉचर नेमले जातात. आणि शिवरात्र उलटली की रात्री डोंगराच्या अंगावर लाल रेघ दिसायला लागते.

वणवा वाईट हे गावात कुणाला सांगायला लागत नाही. काडी ओढण्यामागे प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं काम असतं. माळावरचं वाळकं गवत गेलं की वळवाच्या पहिल्या सरीला कोवळा कोंब येतो, म्हणून एकजण लावतो. काजूच्या बागेत पडलेल्या बिया दिसाव्यात म्हणून दुसरा पालापाचोळा पेटवतो. तरवा (भाताची रोपं करायची जागा) भाजायचा असतो, बांध साफ करायचा असतो, ऊस तुटल्यावर पाचट मोकळं करायचं असतं, मधाच्या पोळ्याला धूर द्यायचा असतो. यातलं एकही काम रान जाळायला म्हणून केलेलं नसतं. दुपारी बाराला लावलेली आग वाऱ्यावर बांध ओलांडते, एवढंच.

तेव्हा लोकांचा पाठिंबा हवा असेल तर ही कामं कधी, कशी आणि किती माणसांसमोर करायची हे गावाने ठरवावं. आपल्याकडे वार पाळणूक आहे. गावाने ठरवलेल्या मंगळवारी कुणी औत धरत नाही आणि त्यासाठी पोलीस लागत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात आगीचेही वार देवळात गाऱ्हाण्याच्या, म्हणजे गावाने मिळून देवाला साकडं घालायच्या, वेळी ठरवावेत. ज्याला तरवा किंवा बाग भाजायची त्याने आदल्या दिवशी सांगायचं, सकाळी 9 च्या आत उरकायचं, चार माणसं आणि दोन पंप पाणी जवळ ठेवायचं. आणि मे अखेरीस गावाच्या हद्दीतलं रान न जळता राहिलं तर गावाच्या खात्यात ठरलेली रक्कम यावी. आज विझवणाऱ्याला मजुरी आहे, चार महिने काडी न ओढणाऱ्याला काहीच नाही.

आकडेमोड

वाराचं मान्य. शेवटचं अजिबात मान्य नाही. न जळलेल्या रानाचे पैसे देऊ केले तर पहिल्याच वर्षी दोन गोष्टी होतील. आग लागली तरी गाव कळवणार नाही, कारण कळवलं की पैसे गेले. आणि शेजारगावाशी भांडण असलं तर त्यांची रक्कम बुडवायला एक काडी पुरते. पैसे मोजता येणाऱ्या कामाचे द्यावेत.

काम किती, तेही बघू. गावाच्या रानाभोवती 4 किलोमीटर जाळरेघ (आग अडवायला साफ केलेला पट्टा), रुंदी 6 मीटर धरा. म्हणजे 24,000 चौरस मीटर. एका माणसाच्या हातून दिवसाला 200 चौरस मीटर गवत कापून ओढून होतं असं धरलं तर 120 दिवसांची मजुरी. दोन्ही कडांना दीड-दीड मीटर हाताने साफ केलं आणि मधला 3 मीटरचा पट्टा जाळला, तर हाताचं काम 60 दिवसांवर येतं. जाळायला आठ माणसं, एका संध्याकाळी 1 किलोमीटर, म्हणजे चार संध्याकाळी. अर्धा दिवस धरला तरी 16 दिवस. एकूण 76.

इथपर्यंतचा हिशेब सगळे करतात. पुढचा करत नाहीत. रेघ जानेवारीत झाली की ऐन, किंजळ, साग यांची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि साफ केलेल्या रेघेवर घोट्याएवढा पालापाचोळा साचतो. आग त्याच पाल्यावरून पलीकडे जाते, आणि मग लोक म्हणतात रेघेचा उपयोग नाही. फेब्रुवारी अखेर आणि मार्चच्या मध्यावर रेघ झाडावीच लागते. दिवसाला 600 चौरस मीटर धरले तर एका वेळच्या झाडणीला 40 दिवस, दोन वेळच्या 80. सगळं मिळून 156 दिवस झाले, त्यातला निम्म्याहून जास्त भाग झाडण्याचा. अंदाजपत्रकात नेमका तोच नसतो. गावाने पहिल्यांदा भांडायचं तर या 80 दिवसांसाठी.

माळावरची काठी

पंच कमिटीने वार ठरवायचे, म्हणजे मोडला तर दंडही तीच लावणार. तो कुणाला बसेल? गावठाणातल्या बागायतदाराला नाही बसणार. रानाच्या कडेला राहणाऱ्या गवळी धनगराच्या वाड्याला बसेल, कारण धूर दिसला की पहिलं बोट तिकडेच जातं. देवळात गाऱ्हाणं घालताना त्या वाड्यावरचं कोण असतं? बायका किती असतात? रोज रानात जाणाऱ्या त्याच. लाकूड, शिकेकाई, मुरगल (कोकम) त्या आणतात. धूर पहिल्यांदा त्यांना दिसतो, आणि ठरवताना त्या नसतात.

गवताचा प्रश्नही तुम्ही एका वाक्यात उरकलात. जनावरांना एप्रिल-मेमध्ये खायला काय, ते आधी सांगा. नोव्हेंबरात गवत पिवळं पडायच्या आत कापून गंजी लावली तर माळावर जाळायला फारसं उरतच नाही आणि चाराही होतो. पण राखीव रानातलं गवत कापायची मोकळीक नोव्हेंबरात हवी. ती जानेवारीत मिळाली तर उपयोग नाही, तोवर गवताची काडी झालेली असते आणि म्हैस तोंड लावत नाही. वणवा नको असेल तर गवत वेळेत सोडा. याला पैसाही लागत नाही.

बारापेडे

वर जाळण्याच्या पद्धतीबद्दल जे आलं ते सगळ्या रानाला एका मापाने लावू नका, ही कळकळीची विनंती. बेळगावहून पश्चिमेला 50 किलोमीटर गेलं की रान बदलतं. कणकुंबीला पाऊस खानापूर शहराच्या दुपटीहून जास्त पडतो. तिथलं, भीमगड अभयारण्याच्या खोऱ्यातलं झाड सदाहरित, पातळ सालीचं. गुडघाभर उंचीची आगसुद्धा त्याच्या बुंध्याला मारते. झाड त्या वर्षी उभं दिसतं, तीन-चार वर्षांनी वाळतं. तेव्हा आग कुणाला आठवत नाही. उलट नागरगाळी, गोलिहळ्ळीकडच्या पानगळीच्या रानात सागा-ऐनाची साल जाड असते, तिथे हलकी आग झाड सोसतं.

चामराजनगरच्या बिळिगिरी रंगन बेट्टावरचे सोलिग आदिवासी सांगतात की पूर्वी हंगामाच्या सुरुवातीला पाल्याला लावलेली हलकी आग बंद झाल्यावर घाणेरी माजली. त्यांच्या पोडांना (वस्त्यांना) 2011 मध्ये सामूहिक हक्कही मिळाले. त्यांच्या कोरड्या रानात त्या म्हणण्याला वजन आहे. ते उचलून कणकुंबीला आणलं तर घात होईल.

आपल्याकडची खरी अडचण रानमोडीची, या माजणाऱ्या झुडपाची, आहे. पावसाळ्यानंतर ती दीड-दोन मीटर वाढते, फुलून जागेवर वाळते, आणि जमिनीवरची आग तिच्या दांड्यांवरून फांद्यांपर्यंत चढते. आग गेली की मोकळ्या उन्हात पुन्हा पहिल्यांदा रानमोडीच येते. म्हणजे जितकं जळेल तितकं पुढच्या वर्षीचं सरपण तयार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, फुलायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटायची. डिसेंबरात फुलल्यावर ओढलीत तर बी तुम्हीच पेरत जाता. फुललेल्या मेसाच्या (बांबूच्या) बेटांकडेही बघा. मेस एकदम फुलून एकदम वाळतो, अशा बेटातली आग माणसांच्या हातची राहत नाही. रेघ त्या बेटापासून लांब फिरवा.

गार्डाची शिट्टी

सगळे गाव-गाव म्हणताय. आग लागल्यावर गावाला पुढे ढकलायचं का, यावर कुणी बोललेलं नाही. माझा विरोध तिथे आहे. वणवा विझवणं हे प्रशिक्षण घेतलेल्या, विमा उतरवलेल्या माणसांचं काम आहे. मार्च 2023 मध्ये चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्य पेटलं तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. 2019 च्या फेब्रुवारीत बंडीपूरला चार हजार हेक्टरांहून जास्त रान गेलं. हे चप्पल घालून, हातात डहाळी घेऊन विझवायचं प्रकरण नाही.

तरी लोक जाणारच असतील तर एवढं पाळा. अंगावर सुती कपडे, नायलॉन-टेरिकॉट नको, तो कातडीला चिकटतो. आगीच्या वरच्या अंगाला, चढावर कधी उभं राहायचं नाही. उतार 10 अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. तोंडाशी जायचं नाही, मागून आणि बगलेने सुरुवात करायची, आणि पळायची वाट म्हणजे जळून गेलेला काळा भाग, तो कायम पाठीशी ठेवायचा. हिरवी डहाळी वरून आपटली की ठिणग्या मागे उडतात आणि तुमच्या पाठीमागे दुसरी आग लागते. डहाळी आगीवर दाबायची आणि जळलेल्या बाजूला ओढायची. फवारणीचा 16 लिटरचा पंप उत्तम, पण तणनाशकाचा असला तर आधी तीन पाण्यांनी धुवा. ज्वाळा माणसाच्या उंचीपलीकडे गेल्या तर मागे फिरा, रेघेवर थांबा.

आणि विझली म्हणून घरी येऊ नका. पडलेला ओंडका, पोकळ बुंधा आतून दोन-तीन दिवस धुमसतो, दुसऱ्या दुपारी वारा सुटला की तिथूनच पुन्हा लागते. कडेपासून आतला 10 मीटरचा पट्टा हाताच्या पाठीने चाचपत जायचं. जिथे ऊब लागेल तिथे उकरून माती-पाणी कालवायचं.

किंजळ

@गार्डाची शिट्टी, सुरक्षेचं अक्षर न अक्षर मान्य. पण पहिला माणूस पोहोचतो तो गावचाच असतो. उपग्रहाची सूचना मोबाईलवर येते हे खरं, फॉरेस्ट सर्व्हेकडे नाव नोंदवलं की कुणालाही मिळते. पण 375 मीटरच्या चौकोनातून बघणारा तो उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातो. दुपारी 3 ला लागलेली आग त्याला मध्यरात्रीनंतर दिसते. हेमाडग्याच्या पुढे रेंज नाही, तो मेसेज सकाळी वाचला जातो. तोवर देवळाची घंटाच खरी. म्हणून प्रशिक्षण आणि विमा गावातल्या दहा-बारा जणांनाच द्या, ही मागणी आपण दोघं मिळून करू शकतो.

@माळावरची काठी, दंडाचं बरोबर आहे, मी तो विचार केला नव्हता. दंड काढून टाकू. वार मोडणाऱ्याने पुढच्या झाडणीला एक दिवस जादा यायचं, आणि ठरवायच्या बैठकीत प्रत्येक वाड्याचे एक बाई एक पुरुष आल्याशिवाय बैठक धरायचीच नाही.

तीन पिढ्या

ही सगळी चर्चा हक्काच्या आधीची व्यवस्था लावते आहे. ग्राम अरण्य समिती 1993 च्या आदेशापासून कागदावर आहे. तिचा सचिव वनखात्याचा फॉरेस्टर, बँकेचं खातं त्याच्या आणि अध्यक्षाच्या सहीचं, बैठक त्याच्या सवडीने. अशा समितीसाठी लोक 80 दिवस झाडू मारतील का? वन कायद्याने रानात हक्क असणाऱ्यांवर आग कळवण्याचं आणि विझवायला मदत करण्याचं बंधन आहेच. सक्तीने पाठिंबा मिळत असता तर तो कधीच मिळाला असता.

2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(1)(झ) गावाला आपलं सामूहिक रान राखायचा, सांभाळायचा हक्क देतं. कलम 5 ग्रामसभेला अधिकार देतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये जवळपास 1,800 हेक्टरांवर तो मिळवला. अभयारण्यातही हा कायदा लागू आहे. अडचण अशी की आपल्या भागातले कुणबी, मराठा, गवळी कर्नाटकात अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून 13 डिसेंबर 2005 आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. जुने गॅझेटियर, कुमरीच्या (फिरत्या शेतीच्या) नोंदी, देवराईची जागा, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, यातले किमान दोन प्रकारचे पुरावे जोडा. सामूहिक रानाच्या दाव्याचा नमुना क भरा. ग्रामसभेला निम्मे लोक आणि त्यांत एक तृतीयांश बायका हव्यात, नाहीतर ठराव तिथेच पडतो.

भीमगडातल्या गावांना बाहेर काढायची भाषा चालू आहे. 190 चौरस किलोमीटरच्या त्या रानात आज धूर ओळखणारे डोळे तिथल्या वाड्यांचे आहेत. ते गेल्यावर कोण बघणार, हे विचारायला हवं.

आकडेमोड

@तीन पिढ्या, दावा जरूर करा, पण त्याला वर्षं लागतात आणि पालापाचोळा दर फेब्रुवारीला पडतो. दोन्ही एकदम चालू द्या. ग्रामसभेच्या त्याच ठरावात झाडणीचे 80 दिवस घाला, आणि ठराव मराठी-कन्नड दोन्हीत लिहा. पुढे वरच्या टेबलावर अडकत नाही, खाली वाचून दाखवता येतो.

@किंजळ, रकमेबद्दल अजूनही माझा विरोध आहे. रेघेची मोजणी करा. 6 मीटरची सुंभाची दोरी, मधे 3 वर गाठ. दर 100 मीटरला आडवी धरायची, पाला घोट्याखाली असला तरच ते 100 मीटर धरायचे. मोजायला शेजारच्या गावची दोन माणसं, आणि त्यांची रेघ मोजायला आपली दोन.

माळावरची काठी

शेजारचं गाव चंदगडात असलं तरी?

आकडेमोड

असलं तरी. हद्दीवरची रेघ एकच असते, ती दोघांनी एकाच दिवशी झाडली नाही तर पाला फक्त इकडून तिकडे ढकलला जातो. चंदगडच्या बाजूला शिवरात्रीच्या आधीचा रविवार चालतो का, कुणी विचारून सांगेल?