वांद्र्याच्या चॅपल रोडवरची भिंतींवरची सिनेमाची चित्रं, आईला झेपेल का?

भटकी_मांजर: रविवारी आईला घेऊन जायचंय, जुने हिंदी पिक्चर म्हणजे तिचा जीव की प्राण, पण गुडघे दुखतात. फार चालावं लागतं का?

गल्लीबोळ: नाही हो, आरामात होईल. सकाळी लवकर जा, नंतर त्या अरुंद गल्लीत बाइक आणि रिक्षांची नुसती कोंडी होते. चित्रकार रणजित दहियांनी २०१२ मध्ये भिंतींवर हिंदी सिनेमाची चित्रं काढायचा बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला, ‘अनारकली’ सिनेमाचं चित्र त्यातच काढलेलं. फक्त एकाच चित्रावर जीव लावून जाऊ नका, पावसाने रंग उडतात, घर पाडलं की भिंतच जाते, फार वाईट वाटतं. २०१४ मध्ये रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके काढले होते, गाडीतूनही दिसावेत एवढे मोठे!

पाखाडीकर: नुसती चित्रं बघून परत फिरू नका प्लीज. शेजारीच रानवर, वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी, म्हणजे गावठाणातल्या वस्त्यांपैकी, एक, बाहेरून लाकडी जिने, क्रॉसला झेंडूचा हार. इथल्या ईस्ट इंडियन लोकांची, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिश्चनांची, जुनी बोली मराठीच, आईंना गप्पा मारायला आवडेल. खिडकीतून आतले फोटो मात्र काढू नका, माणसं राहतात तिथे.

भटकी_मांजर: थँक्यू दोघांनाही, आईला आत्ताच वाचून दाखवलं, अनारकली म्हटल्यावर गुडघे विसरली!