‘ठेवतो’ आणि ‘जाणतो’
‘मैमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञाने मांडलेल्या ज्यू धर्मश्रद्धेच्या तेरा तत्त्वांतलं प्रत्येक वाक्य “मी पूर्ण श्रद्धेने मानतो” असं सुरू होतं, मग तिथे बुद्धीला जागा कुठे’ हा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. ते ‘अनी मामीन’ (हिब्रूत ‘मी मानतो’) मैमोनिडीसचं नाहीच. प्रार्थनेच्या पुस्तकातला तो नंतरच्या कुणा अनामिकाचा सारांश. मैमोनिडीसची मूळ तत्त्वं मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहावरच्या त्याच्या अरबी भाष्यात आहेत. ‘मिश्ने तोरा’ या त्याच्या धर्मनियमांच्या ग्रंथाचं तर पहिलंच वाक्य आदि-अस्तित्व (म्हणजे देव) आहे हे ‘जाणणं’ हा पाया मानतं. त्याच्याच आज्ञांच्या ग्रंथात, देव मानण्याच्या आज्ञेसाठी, मात्र अरबी शब्द ‘इतिकाद’ आहे. तेराव्या शतकात मोशे इब्न तिब्बोनने त्याचं हिब्रू केलं ‘विश्वास ठेवणं’, विसाव्या शतकात योसेफ काफीहने केलं ‘जाणणं’. निम्मा वाद या एका क्रियापदाचा आहे.

खरी अडचण हसदाई क्रेस्कास या ज्यू तत्त्वज्ञाने १४१० मध्ये दाखवली: देव मानण्याची आज्ञा असूच शकत नाही, कारण आज्ञा म्हटली की आज्ञा देणारा आधीच गृहीत धरावा लागतो. शिवाय पटणं-न पटणं इच्छेच्या हातात नसतं, मग हुकूम कसला? एवढ्यावर तो थांबला नाही. कारणांची साखळी अनंत असू शकत नाही, या ॲरिस्टॉटलकडून आलेल्या आधारावर मैमोनिडीसची देवाच्या अस्तित्वाची सिद्धता उभी होती. क्रेस्कासने तोच खिळा उपटला. साखळी खुशाल अनंत असू दे, पण तिच्यातली प्रत्येक कडी जर नसूही शकली असती, तर ती अख्खी साखळी ‘आहे’ कशामुळे, असं त्याने विचारलं. म्हणजे पुरावा मोडणारा माणूस नास्तिक नव्हता, रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू होता!