जुळे सोलापुरातला बिनमॉनिटरचा पीसी, मी पुण्यात: स्वस्तात कन्सोल कसा जोडावा?

माग_आणि_पिंग:
घरी जुळे सोलापुरात एक जुना पीसी चोवीस तास चालू असतो. एच८१ बोर्ड, चौथ्या पिढीचा आय३, डेबियन १२. फोटोंचा बॅकअप आतल्या डिस्कवर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बाहेरच्या यूएसबी डिस्कवर. मॉनिटर-कीबोर्ड काही नाही. लाइट जाऊन आली की कधीकधी पंखा फिरत असतो पण एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही, आणि घरच्यांना टीव्ही ओढून जोडायला सांगावं लागतं.

बोर्डावर सीरियल पोर्टचं 'कॉम१' नावाचं नऊ पिनांचं हेडर आहे, मागे पोर्ट नाही. सीपी२१०२ चं यूएसबी-टीटीएल (यूएसबीतून कमी व्होल्टचं सीरियल काढणारं मॉड्यूल) पडून आहे. यूएसबी पोर्टवाला एक जुना राउटरही आहे, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चढतं. टीटीएल थेट हेडरला लावू का? की सरळ पायकेव्हीएम (रास्पबेरी पायवरून पीसीचा पडदा-कीबोर्ड दुरून चालवायची सोय) बनवू? बजेट दोन हजार. फायबर सीजीनॅटमागे आहे, म्हणजे बाहेरून थेट घरी पोचता येत नाही.

तीन_वायरी:
टीटीएल लावू नका, जळेल. कॉम हेडरवर आरएस-२३२ असतं, म्हणजे अधिक-उणे ५ ते १२ व्होल्ट, आणि तुमचं सीपी२१०२ चालतं ३.३ वर. शिवाय लॉजिक उलटं, म्हणजे जळलं नाही तरी पडद्यावर कचराच. मधे मॅक्स३२३२ मॉड्यूल घाला, नाहीतर यूएसबी-आरएस२३२ केबल घ्या. केबल घ्या असंच सांगेन, सोल्डरिंग वाचतं; तिचं यूएसबी टोक राउटरला.

हेडरवरून बाहेर यायला रिबनवालं डीबी९ ब्रॅकेट लागतं आणि खरी गोची तिथे होते. ही ब्रॅकेटं दोन जातींची येतात, दिसायला हुबेहूब. बहुतेक बोर्डांवर हेडरची ५ वी पिन ग्राउंड असते. बरोबर जातीच्या ब्रॅकेटमध्ये ती डीबी९ च्या ५ व्या पिनवर निघते, दुसऱ्या जातीत ३ ऱ्या. मशिन बंद करून, वायर काढून, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा: एक प्रोब कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला, दुसरा डीबी९ च्या ५ ला. बीप आला की जात जुळली. मग मशिन चालू करून ३ आणि ५ मधलं व्होल्टेज बघा, लाल प्रोब ३ वर. उणे ५ ते उणे १२ च्या आसपास यायला हवं. शून्य आलं तर बहुधा बायोसमध्ये सीरियल पोर्ट बंद आहे.

ब्रॅकेटलाही नर कनेक्टर, यूएसबी केबललाही नर. म्हणून मधे मादी-मादी नल मोडेम केबल: २ ला ३, ३ ला २, ५ ला ५. दुकानात नुसती 'सीरियल केबल' मागितली तर सरळ जोडणीची हातात पडते, ती इथे कामाची नाही. दोन मादी कनेक्टर आणि तीन वायरी घेऊन घरी बनवणं सगळ्यात स्वस्त.

डेबियनमध्ये ग्रबच्या (बूटलोडरच्या) डीफॉल्ट फाइलीत कर्नलच्या ओळीवर कन्सोल दोनदा लिहायचा: आधी टीटीवाय०, मग टीटीवायएस० आणि पुढे स्वल्पविराम देऊन ११५२००एन८. शेवटी लिहिलेला तोच मुख्य कन्सोल ठरतो, म्हणून क्रम उलटा करू नका. ग्रबचा मेनूही हवा असेल तर ग्रब टर्मिनलला कन्सोल आणि सीरियल दोन्ही द्या, सीरियल कमांडमध्ये युनिट ०, वेग ११५२००. अपडेट-ग्रब चालवून रीबूट. लॉगिनसाठी वेगळं काही नको, सिस्टमडी (डेबियनच्या सेवा चालू करणारा प्रोग्राम) त्या पोर्टवर गेटी, म्हणजे लॉगिन प्रॉम्प्ट, आपोआप चालू करतो.

आता तुमचं मूळ दुखणं. माझा संशय त्या यूएसबी डिस्कवर आहे. लाइट आल्यावर ती उशिरा जागी होते किंवा होतच नाही, एफएसटॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कांच्या यादीत) तिचं नाव असतं, सिस्टमडी ९० सेकंद वाट बघतो आणि मशिन इमर्जन्सी मोडमध्ये जातं. मग एसएसएच कुठून लागणार? त्या ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडू नये म्हणून) घाला आणि डिव्हाइस-टाइमआउट १० सेकंद करा. कदाचित तेवढ्यावरच भागेल.

आणि इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला असेल तर तो आजच ठेवा. नाहीतर इमर्जन्सी मोड 'रूट अकाउंट लॉक आहे' एवढंच म्हणतो आणि शेल देत नाही. एवढी वायरिंग करून कन्सोलवर फक्त ते वाक्य वाचत बसावं लागतं.

बायोस_बघणारा:
वरचं सगळं बरोबर, फक्त सीरियलवर बायोस दिसणार नाही. कन्सोल रीडायरेक्शन सर्व्हर बोर्डांत असतं, घरगुती एच८१ मध्ये त्याची अपेक्षा ठेवू नका. सीमॉसचा (बायोसची सेटिंगं जपणारा) सेल संपून मशिन 'एफ१ दाबा' वर अडकलं तर सीरियलवर एक अक्षर येत नाही. बोर्ड इतकं जुनं आहे तर सीआर२०३२ सेल आधी बदला की ओ, तो तर कुठेही मिळतो.

चित्र हवंच असेल तर पाय ४ बजेटबाहेर जाईल. पाय झीरो २ डब्ल्यू आणि टीसी३५८७४३ चा एचडीएमआय-सीएसआय बोर्ड (एचडीएमआयचं चित्र पायच्या कॅमेरा पोर्टात देणारा) ही जोडी त्यातल्या त्यात परवडते, तरी दोन हजारांत बसेल असं वाटत नाही. झीरोला ओटीजी पोर्ट एकच, तो कीबोर्ड-माउससाठी जातो, म्हणून स्वस्त यूएसबी कॅप्चर डोंगल त्यावर लावता येत नाही. झीरोची सीएसआय पट्टी अरुंद, २२ पिनांची असते. बोर्डासोबत आलेली १५ पिनांची बसत नाही, वेगळी मागवा. पाय ५ घेऊ नका, त्यात एच.२६४ चा हार्डवेअर एन्कोडर नाही आणि पायकेव्हीएम त्यावर चालत नाही.

जुना लॅपटॉप घरी पडला असेल तर सगळ्यात स्वस्त: एमएस२१०९ चं एचडीएमआय डोंगल आणि सीएच९३२९ ची यूएसबी-ते-यूएसबी केबल. डोंगल चित्र आणतं, सीएच९३२९ पीसीला खरा कीबोर्ड-माउस असल्याचं भासवतं, म्हणून बायोसमध्येही चालतं. डोंगलच्या खोक्यावर ४के लिहिलेलं असतं ते फक्त आत घेण्यापुरतं. बाहेर १०८०पी, ३० फ्रेम. बोर्डाला फक्त व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर व्हीजीए-ते-एचडीएमआय मागा. दुकानात सर्रास मिळतो तो उलट दिशेचा.

पायकेव्हीएम केलंच तर दोन्ही पासवर्ड बदला, सुरुवातीला ते ॲडमिन-ॲडमिन आणि रूट-रूट असतात. त्याचा एक गुण आपल्याकडे फार कामाचा: कार्ड रीड-ओन्ली असतं, लाइट गेली तरी सहसा खराब होत नाही.

व्होल्ट_अँपिअर_चादर:
कन्सोल हातात आला तरी मशिन गोठलं तर बटण कोण दाबणार? पीसी८१७ ऑप्टोकप्लर (प्रकाशावर चालणारा छोटा स्विच), ३३० ओहमचा रेझिस्टर आणि ईएसपी८२६६ चं वायफाय बोर्ड घ्या. ईएसपीच्या जीपीआयओ पिनेतून रेझिस्टरमार्गे ऑप्टोच्या १ नंबरला, २ नंबर ईएसपीच्या ग्राउंडला. पलीकडे ४ नंबर फ्रंट पॅनलच्या पॉवर स्विचच्या अधिक पिनेला, ३ नंबर दुसऱ्या पिनेला. अधिक कुठली ते मल्टिमीटरने बघा, बंद मशिनवरही तिथे ३.३ किंवा ५ व्होल्ट असतात. कॅबिनेटचं मूळ बटण समांतर राहू द्या. अर्धा सेकंद दाबलं की चालू, पाच-सहा सेकंद धरलं की सक्तीने बंद.

जीपीआयओ ४ किंवा ५ च वापरा. ०, २ या पिना बूट होताना स्वतःच वरखाली होतात, म्हणजे लाइट आली की ईएसपी जागं होताना पीसीचं बटण दाबणार. पीसी नुकताच चालू होत असताना तो पुन्हा बंद, आणि दोष मात्र डिस्कला.

बायोसमध्ये 'एसी गेल्यावर' चा पर्याय पॉवर ऑन करा. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा स्विच असेल तर तो यूपीएसवर हवा. नॉर्मलवर बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीबूट होतो. फायबरचा डबा, राउटर आणि ईएसपी एका १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर ठेवा, ईएसपीला मधे ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर. कन्सोलचा राउटर पीसीच्या यूएसबीवर चालवायचा नाही, पीसी गेला की तोही जातो. आणि सगळं बंद कपाटात कोंबू नका, सोलापूरचा मे महिना आहे.

माग_आणि_पिंग:
सीरियल केलं, राउटरवर पिकोकॉम आणि मिनिकॉम (सीरियल पोर्टवर बोलायचे प्रोग्राम) दोन्ही टाकले. ग्रब, बूट, लॉगिन प्रॉम्प्ट सगळं मिनिकॉममध्ये दिसतं, पण टाइप केलेलं काहीच जात नाही. केबल तिन्ही वायरींनी तपासली. आणि पुण्यातून राउटरपर्यंत पोचायला टेलस्केल (सीजीनॅटमागेही चालणारा व्हीपीएन) टाकायला गेलो तर जागा पुरत नाही.

तीन_वायरी:
मिनिकॉमच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल 'हो' असतं. तुमच्या केबलीत त्याच्या वायरीच नाहीत, म्हणून तो समोरून परवानगी येण्याची वाट बघत बसतो. ते 'नाही' करून सेव्ह करा, किंवा पिकोकॉमच वापरा, त्यात मुळातच बंद असतं. पिकोकॉमला लॉगफाइल देऊन टीमक्समध्ये (लॉगआउट केलं तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) कायम चालू ठेवा, म्हणजे रात्री कर्नल पॅनिक झालं तरी शेवटच्या ओळी सकाळी वाचता येतात. लॉग मात्र पेनड्राइव्हवर जाऊ द्या, राउटरची फ्लॅश भरेल. आणि एकच यूएसबी पोर्ट असल्यामुळे हब लागेल, तोही वेगळ्या ॲडॉप्टरचा.

त्याच पेनड्राइव्हवर एक्स्ट्रूट (राउटरची साठवण पेनड्राइव्हवर वाढवणं) केलं की टेलस्केल मावेल, रॅम मात्र १२८ एमबी तरी हवी. फायबरला आयपीव्ही६ मिळत असेल तर वायरगार्ड हा व्हीपीएन पुरे, तो कर्नलमध्येच असल्याने जागा फार खात नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये आयपीव्ही६ चा तो एक यूडीपी पोर्ट उघडावा लागेल. पुण्यातल्या जोडणीलाही आयपीव्ही६ आहे ना, ते आधी बघा.